म्हातारबाचा खोकला

मास्तरीणबाईंचा जुना, वहीएवढा पातळ लॅपटॉप सुरू झाला की त्यातली हार्ड डिस्क ‘खर्र-टक’ करायची. घरात त्याचं नावच पडलं होतं म्हातारबा. तो खोकला की नवरा हमखास ओरडायचा, “अगं, पाणी दे त्याला!”

आज बाईंनी कंबर कसली. सगळं कालच नव्या, आवाज न करणाऱ्या डिस्कवर उतरवून ठेवलं होतं. गाणं गुणगुणत त्यांनी इवलेसे स्क्रू काढले, जुनी डिस्क बाहेर काढली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. चुटकीसरशी सगळे फोटो उघडले.

“अहो, बघा! म्हातारबा तरणाबांड झाला!”

नवरा नव्या डिस्कची डबी घेऊन आला. “मग ही नवी डिस्क अजून यातच कशी?”

“अगंबाई! बसवायचीच राहिली!” बाई पोट धरून हसल्या. हसत हसतच त्यांनी लॅपटॉप उलटा केला, झाकण उघडलं आणि सवयीने आधी बॅटरी काढून ठेवली.

तेव्हा कुठे त्यांचं हसू ओसरलं. जुनी डिस्क टेबलावर होती, नवी नवऱ्याच्या हातात. मग फोटो आले कुठून?

दोघं त्या रिकाम्या खाचेत वाकून बघू लागले.

आतून आवाज आला, ‘खर्र-टक.’

पाण्याचं नाव कुणीच काढलं नाही.