बारा तासांची पूड

स्वयंपाकघरातल्या छोट्या गिरणीत पोलादी गोट्या सकाळी सहापासून आईचं औषध कुटत होत्या. दहा तासांनी त्याचे नॅनोकण मेंदूपर्यंत पोचण्याइतके बारीक होत, आणि ते घेतलं की आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वृंदाला ओळखायची. बारा तास दळलं तर सगळंच आठवेल, असं डॉक्टर म्हणाले होते. वृंदा मात्र रोज दहा तासांनीच गिरणी बंद करी. भाऊ श्रीरंग धरणात बुडून गेला, हे आईला आठवायला नको होतं.

आज चार वाजता तिचा हात बटणाकडे गेला, तोच आई दारातून म्हणाली, "श्रीरंगचं नाव काढलं की तू तोंड फिरवतेस. मला नुसती वाट बघायला लावू नकोस गं."

वृंदाने हात मागे घेतला. पुढचे दोन तास ती घरभर येरझारा घालत राहिली. सहा वाजता तिने ती पूड दुधात कालवून आईला दिली.

आई बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. मग तिने वृंदाला जवळ ओढलं.

"म्हणजे इतके दिवस तू एकटीच रडत होतीस?"