पानिपतच्या चित्रातला भालाईत

"काका, मेल्यावर दुखतं का हो?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शाल्मलीने चित्रातल्या भालाईताला बिनधास्त विचारलंच. पानिपतच्या या चित्रातल्या माणसांना संग्रहालयाने वाचा आणि स्मृती दिली होती. रोज संध्याकाळी बटण दाबलं की लढाई सुरू व्हायची.

"मेल्यावर नाही गं, मरताना दुखतं," भंडाऱ्याची हळद माखलेला तो चेहरा म्हणाला. "रोज पुन्हा मरायचंय, हे तर विसरताच येत नाही. आज बटण कोण दाबणार?"

चित्रकलेत पहिली आल्याने आज तो मान तिचाच होता. "मीच," ती पुटपुटली.

"मग पोरी, जरा उशिरा दाब."

आई-बाबा पुढच्या रांगेत तिचा व्हिडिओ काढायला फोन उंचावून बसले होते. शाल्मली थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा, मी बटण दाबणार नाहीये. आणि दुसऱ्या कुणाला दाबूही देणार नाहीये."