कर्ता पुरुष

काझींनी नवऱ्याला दुसऱ्यांदा विचारलं, घरभाडं कोण भरतं? नवरा मिशीवरून बोट फिरवत राहिला. तक्रार त्यानेच आणली होती. बायको चारचौघांत खजील व्हावी म्हणून दोन्ही थोरल्या भावांनाही सोबत आणलं होतं.

तक्रार अशी, की बायको पगार हातात देईनाशी झाली. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. साऱ्या गावाला चावायला दात पुरवायची आणि घरी ओठ मिटून राहायची. लग्न झाल्यापासून तिचा पगार तोच घ्यायचा. भाडं, किराणा, मुलीची फी त्यातूनच भागायचं. उरलेल्या पैशांत हा हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचा. दोस्तांना जेवणं घालायचा, भावांना भेटी द्यायचा, आणि वर माझ्या जिवावर घर चालतं म्हणून टिमकी वाजवायचा. स्वतःचं दुकान मात्र मनाला आलं तर उघडायचा. तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं तेव्हा म्हणाला, सासूचे लाड माझ्या घरातून होणार नाहीत. त्या दिवशी तिचं डोकं फिरलं. पुढचा पगार तिने आईच्या डोळ्यांवर खर्च केला.

काझी सावकाश बोलले. बायकोची कमाई बायकोची. ती लाख कमावो, तिला जेवू घालणं आणि डोक्यावर छप्पर देणं नवऱ्यावरच. शरीयत हेच सांगते. दोन्ही भावांनी माना खाली घातल्या.

मग काझी तिच्याकडे वळले. "आजवर घरात घातलंत ते उसनं म्हणून, की भेट म्हणून? उसनं असेल तर ह्यांना फेडावं लागेल."

"तिने प्रेमाने दिलंय," नवरा घाईघाईने म्हणाला.

दुकान विकलं तरी ते फिटणार नाही, हे तिला ठाऊक होतं. शिवाय कर्ज काय, चांगल्या चांगल्यांना असतं. कर्जदार होऊनही तो छाती काढून फिरला असता. तिला पैसे नकोच होते, त्याचा तोरा उतरवायचा होता.

"परत काही नको," ती म्हणाली.

नवऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला. भावांकडे पाहून तो हसलासुद्धा.

"उसनं नव्हतं, काझीसाहेब, आणि भेटही नव्हती. खैरात होती. पहिला हक्क घरातल्या गरजूचा असतो, म्हणून ह्यांना देत आले."