आईचे मोजे

आईला स्मशानात पोचवून सगळे घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मकरंदचा फोन वाजला. पडद्यावर हिरवा दिवा होता आणि खाली रोजचंच वाक्य: ‘आईच्या पायांच्या शिरा मोकळ्या आहेत. रक्ताची गुठळी नाही.’

यंत्र बिघडलंय, आणि ते आजच बिघडलेलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, पोटरीतली गुठळी फुप्फुसात जाऊन आई गेली. पायांची सोनोग्राफी करणारे ते मोजे त्यानेच तिच्यासाठी जर्मनीहून पाठवले होते. पायात घातले की शिरांचं चित्र आपोआप त्याच्या फोनवर यायचं. या कंपनीला कोर्टात खेचतोच, असं पुटपुटत तो बाहेरच्या खोलीत आला.

अप्पा आरामखुर्चीत बसले होते. त्यांच्या पायांत तेच करडे मोजे होते.

“हे तुम्ही कधीपासून घालताय?”

“आले तेव्हापासून. माझे पाय गार पडतात ना. ती म्हणाली, मी दिवसभर ओट्याशी उभी, मला कशाला हवेत मोजे.” अप्पांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. “मी काढायला गेलो की रागवायची. म्हणायची, राहू देत, फोनवर हिरवा दिवा दिसला की मकरंद निर्धास्त असतो.”

मकरंद निर्धास्त होताच. इतका, की दिवाळीपासून त्याने घरी फोनच केला नव्हता.