ओढ्याचं पाणी

ताईंनी स्वतःच्या हातांनी चावी फिरवली. कापड रंगवायच्या कारखान्यातून ओढ्यात पडणाऱ्या जाड पाइपाची धार आधी बारीक झाली, मग थेंबांवर आली आणि थांबली. शेवटचा थेंब जांभळा होता.

"झालं," रंगमास्तर म्हणाले. "आता या पाइपात चिमण्यांनी संसार थाटावा."

कामगार हसले. ताई मात्र त्या थेंबाच्या डागाकडे पाहत राहिल्या. लहानपणी खालच्या वस्तीतल्या मुली त्यांना 'जांभळी' म्हणून चिडवायच्या. ओढ्याला आज कोणता रंग येणार, हे हिच्या घरी ठरतं म्हणून. वडिलांच्या मागे कारखाना हाती आला, तेव्हापासून हे पाणी थांबवायचा त्यांना ध्यासच लागला होता. मळकं पाणी साफ करून पुन्हा हौदात घ्यायची यंत्रणा बसवायची म्हटल्यावर धाकट्या भावाने त्यांना वेड्यात काढलं. शेवटी तो वेगळा निघाला. जाताना आईशी बोलला, बहिणीकडे पाहिलंही नाही.

आता बहुतेक पाणी आतल्या आत फिरत होतं. उणं पडेल तेवढंच विहिरींतून यायचं.

थोड्याच दिवसांत खालच्या वस्तीतल्या बायका फाटकावर आल्या. ताईंनी लगबगीने खुर्च्या मांडायला लावल्या, चहा सांगितला. आभार मानले तर काय बोलायचं, तेही मनात जुळवून झालं.

बायका बसल्या नाहीत. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर भाजीवाली मावशी पुढे आली.

"ओढा का बंद केलात?"

"ओढा नाही हो मावशी, घाण बंद केली. आता रंगाचा टिपूसही येणार नाही."

"रंग गेला ते बरंच झालं. पण पाणीही गेलं ना. माझे वाफे करपले."

"त्या पाण्यावर तुम्ही भाजी करत होतात?"

"दुसरं पाणी होतं कुठे?"

"वरून येतंच असेल की."

मावशीने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ही बाई थट्टा करत नाही, हे लक्षात यायला तिला जरा वेळ लागला. मग तिचा आवाज उतरला. "चल पोरी, माझ्याबरोबर चल."

दोघी कारखान्याला वळसा घालून मागच्या बाजूला गेल्या. ताईंनी ओढा पाहिला होता तो पाइपापासून खाली. भिंतीमागे त्या कधी आल्याच नव्हत्या. तिथे पात्रात छातीभर काटेरी झुडपं माजली होती. कुणीतरी शेळ्या बांधल्या होत्या. दगडांवर धूळ होती, रंगाचा डाग एकाही दगडावर नव्हता.

चढण संपली तिथे वडिलांनी खोदलेल्या दोन विहिरी होत्या. दोन्हींवरचे पंप एका सुरात घुमत होते.

"इथे झरा होता," मावशी धापा टाकत म्हणाली. "नवी नवरी होते तेव्हा मी इथून हंडे भरून नेलेत. तुझ्या वडिलांनी विहिरी खोदल्या आणि तो आटला. मग खाली वाहत राहिलं ते तुमचंच पाणी. आम्ही त्यालाच ओढा म्हणत आलो."

ताई विहिरीच्या कठड्यावर बसल्या. भाऊ गेला, आई अजून धड बोलत नव्हती, आणि ज्या ओढ्यासाठी हे सगळं केलं तो केव्हाच गेलेला होता. मावशी शेजारी टेकली. तिने ताईंच्या पाठीवर हात ठेवला.

"तू तेव्हा एवढीशी होतीस. तुला कोण सांगणार?"

ताईंनी फोन काढला.

"मास्तर, साफ पाण्याचा एक पाइप मावशींच्या वाफ्यांकडे सोडा. आणि विहिरींवरचे पंप बंद करा."

"ताई, मग निम्मे हौद कोरडे पडतील. माणसं विचारतील मला. किती वेळ बंद, काय सांगू?"

ताईंनी खाली पाहिलं. पात्रातली एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून झुडपाचा शेंडा ओरबाडत होती.

"सांगा, ओढा येईपर्यंत."