भरलेला फॉर्म

भाडेकरू नोंदणीसाठी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. नवऱ्याने पेन काढलं, तेवढ्यात हवालदारांनी कपाटातून आमच्या नावाचा भरलेला फॉर्मच समोर ठेवला.

"पारध्यांचे आम्हीच भरून ठेवतो, ताई. गल्लीतल्यांनाही निर्धास्त झोप लागली पाहिजे ना," ते मायेने म्हणाले. "फक्त सही करा."

माझं माहेर, त्याच्या तीन नोकऱ्या, माझ्या पाठीवरचा तीळ, सगळं बरोबर होतं. शेवटच्या रकान्यात एक चूक सापडली तेव्हा मला चक्क हायसं वाटलं.

"साहेब, 'लक्ष ठेवायच्या व्यक्ती' तीन लिहिल्यात. आम्ही दोघंच राहणार आहोत."

"मार्चमध्ये होतील तीन," ते म्हणाले.

नवरा चमकून माझ्याकडे बघायला लागला. दिवस गेलेत हे मला आज सकाळीच कळलं होतं. मी ते अजून त्यालाही सांगितलं नव्हतं.