शोकपत्र

राष्ट्रपती वारले आणि आठवड्याभरात विजयमालाच्या नवऱ्याचं, नाथाजीचं कार्ड आलं: पलटणीची रजा रद्द. लग्नानंतर तो पहिल्यांदाच घरी येणार होता. विजयमालानं कार्ड कुणालाच दाखवलं नाही. राष्ट्रपती म्हणजे सैन्याचे सरसेनापती, म्हणून त्याच दुपारी आष्ट्याच्या शाळेत नाथाजीच्या पलटणीतल्या जवानांना शोकपत्र लिहायला माणसं जमली. मास्तर दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि विजयमालाला हुंदका आवरेना.

"बघा, देशाच्या माणसासाठी कशी रडतीया पोर!" मास्तर गहिवरले. त्यांनी पत्रात तिचं रडणं नावानिशी घातलं. भरल्या शाळेत खरं कुठल्या तोंडानं सांगणार? पुढं बाया कौतुक करायला लागल्या, की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

महिन्याभरानं नाथाजीचं पत्र आलं.

"गावाचं पत्र सायबांनी सगळ्या पलटणीफुडं वाचलं. तुझं नाव आलं तवा जवानांच्या डोळ्याला पाणी आलं. मला मातर मान वर करवंना. कुणाला बोलू नगंस, पण राष्ट्रपती गेल्याचं कळलं तवा मी बी लय रडलो. सगळ्यांनी पाठीवर हात फिरवला. विजे, मी रजा गेली म्हणून रडत हुतो. तुझ्याएवढं मोठं मन माझं न्हाई. माफी कर."